मराठीत मोजलेले श्वास

पुढच्या गुरुवारी दुपारपर्यंत सबटायटल्स हवीत, असा ई-मेल आला आणि त्याला एक फाइल जोडलेली होती. उघडली तर पडद्यावर ह्यांचे हात. हात ह्यांचे, टाय ह्यांचा, मनगटावरचं घड्याळ लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मी दिलेलं. आवाज मात्र भलत्याच माणसाचा. गुळगुळीत, रेडिओवर हवामान सांगतात तसा. ह्यांना जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते.

मी हेडफोन काढून ठेवले. समोरच्या टेबलावर एक विद्यार्थिनी पुस्तकाआड सँडविच खात होती. एरवी मी उठून तिला सांगितलं असतं, की ग्रंथालयात खायचं नाही. त्या दिवशी सांगितलं नाही. पुन्हा हेडफोन लावले आणि फाइल पहिल्यापासून लावली, कारण मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. ह्या देशातल्या पस्तीसेक वर्षांत ही सवय लागली होती. इथे काही खटकलं की आधी आपलं काय चुकलं ते बघायचं.

मी वेल्समधल्या कार्डिफला एका मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते. पुण्याहून मराठीत एम.ए. करून, डॉक्टर नवऱ्यामागे आलेली बाई. पुस्तकांच्या मांडणीत माझी हयात गेली असती तर मी तक्रार केली नसती. पण त्या वर्षांत ऑनलाइन कोर्सेस सुरू झाले. नर्सेस आणि नवे डॉक्टर ड्यूटीच्या मधल्या वेळात वॉर्डातल्या संगणकावर बसून शिकणार, असं ठरलं. मग आम्हा ग्रंथालयातल्या लोकांना सांगण्यात आलं की आता पुस्तकांबरोबर व्हिडिओही शोधा. आणि कानाने अधू असलेल्यांसाठी प्रत्येक व्हिडिओला सबटायटल्स लावा.

शोधले मी. दोन वर्षं शोधत होते. छातीची तपासणी कशी करावी, एवढा साधा विषय. मिळायचं काय? कुठल्यातरी अमेरिकन हॉस्पिटलातला जुनाट चित्रपट, त्यातला पेशंट जिममधून नुकताच आल्यासारखा तगडा. नाहीतर औषध कंपनीची फिल्म, तिच्यात दर तिसऱ्या मिनिटाला त्यांचा इनहेलर. एकात तर डॉक्टर शर्टावरूनच स्टेथोस्कोप लावत होता. ते पाहून हे इतके चिडले की हातातली पोळी ताटात टाकली.

"अगं, हे दाखवणार तुम्ही पोरांना?"

"दुसरं काही मिळत नाही तर काय करू?"

"मी करून देतो की. एक माणूस आण, ज्याच्या छातीत खरोखर काहीतरी आहे."

असा माणूस भिंतीपलीकडेच राहत होता. आमचे शेजारी पूर्वी पोलादाच्या कारखान्यात होते. छाती तिथेच खराब झालेली. बायको गेल्यापासून एकटे. ह्यांच्याशी कुंपणावरून गप्पा चालायच्या, आणि माझा चिवडा त्यांना फार आवडायचा. त्याला ते 'ती पिवळी भानगड' म्हणत. विचारलं तर म्हणाले, "डॉक, माझी छाती म्युझियममध्ये ठेवायच्या लायकीची आहे. घ्या काय घ्यायचं ते."

एका रविवारी आमच्या पुढच्या खोलीत शूटिंग झालं. मुलगी केंब्रिजहून कॅमकॉर्डर घेऊन आली होती. ती तिथे सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. तिने सोफा हलवला, पडदे सरकवले, बाबांच्या टायला छोटा माइक लावला आणि हुकूम सोडला, "बाबा, आता घसा साफ नाही करायचा. सगळं ऐकू येते."

त्या चौदा मिनिटांतलं एक मिनिट सलग शांततेचं होतं. त्याविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या एका मिनिटावरून झालं.

पेशंट मिनिटाला किती श्वास घेतो हे मोजायचं असतं. हे म्हणायचे की डॉक्टरकीतली ही सगळ्यांत सोपी गोष्ट, म्हणून कोणी करत नाही. पंधरा सेकंद मोजतात आणि चाराने गुणतात, किंवा मोजतही नाहीत, अंदाजाने अठरा लिहितात. ह्यांचा आग्रह पूर्ण मिनिटाचा. आणि पेशंटला कळू द्यायचं नाही, कारण श्वास मोजतायत असं कळलं की माणूस वेगळा श्वास घ्यायला लागतो. म्हणून हे पेशंटचं मनगट धरून ठेवायचे, जणू नाडी बघतायत, आणि नजर छातीवर. मोजायचे ते ओठातल्या ओठात, मराठीत. एक तर आकडे माणूस लहानपणी शिकलेल्या भाषेतच मोजतो. शिवाय पेशंटला काही कळत नाही. चाळीस वर्षं ह्यांनी ह्या देशातल्या माणसांचे श्वास मराठीत मोजले.

व्हिडिओत तेच केलं. शेजारी उघड्या छातीने खुर्चीत बसलेले, ह्यांच्या हातात त्यांचं मनगट, आणि टायवरच्या माइकमुळे अगदी हलका आवाज येतोय: एक... दोन... तीन... बावीसपर्यंत. मग हे कॅमेऱ्याकडे बघून इंग्रजीत म्हणतात, "बावीस. जे मोजलंत तेच लिहा. जे अपेक्षित होतं ते नाही."

शेजाऱ्यांना व्हिडिओ पाहिल्यावरच कळलं. "म्हणजे तुम्ही माझी नाडी बघतच नव्हता? लबाड!" हे इतके हसले की त्यांनाच धाप लागली.

सबटायटल्स मी केली. प्रत्येक शब्द ऐकायचा, टाइप करायचा, सेकंद जुळवायचे. त्या मिनिटाशी आले आणि थांबले. सगळं इंग्रजी कोर्समध्ये मधेच मराठी आकडे. ऑफिसात सगळे बघणार. मी तिथे तीन ठिकाणी टाइप केलं: 'बोलणं अस्पष्ट'.

ते का केलं, हे मी स्वतःला तेव्हा विचारलंच नाही. बसमध्ये मराठी बोलताना मी आवाज खाली आणायचे, कोणी सांगितलेलं नसताना. ग्रंथालयात ह्यांचा फोन आला तर ह्यांच्याशीही इंग्रजीत बोलायचे. "हो, मी सहाला घरी येईन," असं अगदी सावकाश, शुद्ध इंग्रजीत. पलीकडून हे विचारायचे, "कोण बोलतंय? राणीसाहेब का?"

ते सबटायटल ह्यांनी पाहिलं तेव्हाही चिडवलंच. "मी अस्पष्ट? पस्तीस वर्षं संसार केलास आणि तुला बावीसपर्यंतचे आकडे कळले नाहीत?"

"बदलते नंतर," मी म्हटलं.

बदललं नाही.

त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात हे न्यूमोनियाने आजारी पडले. कुठल्या हॉस्पिटलात ते लिहिणार नाही. तिथली माणसं वाईट नव्हती. खाटेच्या पायथ्याशी तक्ता लटकवलेला होता. श्वासांच्या रकान्यात सकाळी अठरा, दुपारी अठरा, संध्याकाळी अठरा, दुसऱ्या दिवशी पुन्हा अठरा. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोजले. पूर्ण मिनिट. तीस आले. पुन्हा मोजले, एकतीस. ह्यांच्या तोंडावर मास्क होता, पण मी काय करतेय ते ह्यांना दिसत होतं. ह्यांनी भुवया वर करून विचारलं, किती? मी सांगितलं. ह्यांनी तक्त्याकडे बोट दाखवलं आणि डोळे मिटून घेतले.

मी नर्सला सांगितलं. ती दमलेली पोर होती. म्हणाली, "ऑक्सिजन चांगला आहे हो त्यांचा, काळजी नका करू." मी थँक यू म्हणून परत येऊन बसले. थँक यू! दुसऱ्या दिवशी ह्यांना अतिदक्षता विभागात हलवलं आणि पाचव्या दिवशी हे गेले. नंतर मोठ्या डॉक्टरांनी मला बसवून समजावलं की आधी कळलं असतं तरी फरक पडला नसता. खरंही असेल. मी वाद घातला नाही. तेरावा झाला, गावातल्या मराठी मंडळींनी महिनाभर डबे पोचवले, आणि मी कामावर परत गेले. डोक्यात तो रकाना होता. अठरा, अठरा, अठरा.

आता ही फाइल. दुसऱ्यांदा लावली तेव्हा त्या मिनिटापाशी आले. मिनिट नव्हतंच. ह्यांनी मनगट धरलं आणि पियानो सुरू झाला. आठ सेकंद पियानो. त्यावर तो गुळगुळीत आवाज म्हणाला, "पंधरा सेकंद मोजा आणि चाराने गुणा."

ह्यांच्या हातांवर हे वाक्य! ज्या गोष्टीसाठी हे आयुष्यभर शिकाऊ डॉक्टरांशी भांडले, ती ह्यांच्याच हातांच्या तोंडी घातली होती. आणि ते शब्द टाइप करून खाली लावायचे होते मी. गुरुवारपर्यंत.

ई-लर्निंग विभागाची प्रमुख तिशीतली बाई होती. उद्धट नव्हती; उद्धट असती तर मला सोपं गेलं असतं. तिने मला रंगीत, बुटक्या खुर्चीत बसवलं, हर्बल चहा दिला, ह्यांच्याबद्दल वाईट वाटल्याचं सांगितलं.

"तुम्हाला आधी कळवायला हवं होतं," ती म्हणाली. "पण कंटेंट छानच आहे. म्हणून तर आम्ही ठेवलाय. फक्त जरा फ्रेश केलाय."

"आवाज का बदलला?"

"काही लोकांचं म्हणणं होतं की उच्चार समजायला जड जातात."

"पेशंटना चाळीस वर्षं समजले."

तिने चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

"आणि ते मिनिट?"

"एका मिनिटात काहीच घडत नाही हो. आम्ही आकडे पाहतो ना, लोक कुठे व्हिडिओ बंद करतात ते. तिथेच करतात."

"एका मिनिटात माणूस जातोसुद्धा," मी म्हटलं. हे माझं वाक्य नव्हतं. ह्यांचं होतं. पण माझा आवाज इतका बारीक निघाला की तिने नुसती सहानुभूतीने मान हलवली. मग समोरचा कागद माझ्याकडे वळवला.

"आणि खरं सांगू? निर्णय ह्यावरून झाला. ही जुन्या व्हिडिओची सबटायटल्स. तीन वेळा 'बोलणं अस्पष्ट'. जो भाग आम्हालाच अस्पष्ट आहे, तो बहिऱ्या विद्यार्थ्याने कसा समजून घ्यायचा?"

कागद माझा होता. शब्द माझे. कोपऱ्यात, काम करणाऱ्याची आद्याक्षरंही माझीच.

मी चहा संपवला आणि उठले. बसमध्ये खिडकीजवळ बसले आणि घर येईपर्यंत मला त्या बाईचा, त्या आवाजाचा, त्या पियानोचा राग येत राहिला. माझा स्वतःचा राग आला तो गल्लीच्या तोंडाशी उतरल्यावर. तिला मराठी येत नव्हतं. मला येत होतं. त्या नर्सने न मोजता अठरा लिहिलं, आणि मी ऐकू येत असून अस्पष्ट लिहिलं. ह्यांनी कॅमेऱ्यात बघून स्पष्ट सांगितलं होतं काय लिहायचं ते, आणि तेच वाक्य मी खालच्या ओळीत बिनचूक टाइप केलं होतं.

शेजारी कचऱ्याचा डबा आत ओढत होते. दर चार पावलांना थांबून श्वास घेत होते. मला बघून म्हणाले, "काय झालं? चेहरा बघ तुझा."

मी फाटकापाशी उभी राहून सगळं सांगितलं. माझ्या 'अस्पष्ट'सकट. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "माझी आजी आमची इथली वेल्श भाषा बोलायची. दारावर कोणी आलं की एकदम गप्प. आम्हाला वाटायचं, तिला दुसऱ्यांशी बोलायला आवडत नाही." मग डब्याचं झाकण लावून म्हणाले, "मला दाखव ते. माझी छाती आहे त्यात. मला बघायचा हक्क आहे."

शनिवारी मुलगी आली. तिने लॅपटॉप आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि आम्ही तिघांनी तो नवा व्हिडिओ पाहिला. शेजारी आधी स्वतःच्या पोटावर विनोद करत होते. आवाज सुरू झाला तसे खुर्ची पुढे ओढून बसले.

"हा कोण?"

"नट आहे. भाड्याने आणलेला," मुलगी म्हणाली.

"ह्याने माझ्या छातीला हात लावलेला नाही." ते लाल झाले. "मी डॉकला छाती दिली होती. ह्याला नाही."

मुलगी माझ्याकडे वळली. "आई, तू त्यांना सांगितला का नाही, की बाबा मराठीत मोजत होते? ते आवाज आपली आहे. तू घाबरतोस का त्यांना?"

तिचं मराठी असंच आहे. हे तिला सुधारायचे. मी सुधारलं नाही, कारण प्रश्न अगदी बरोबर होता.

कपाटातून मी शूटिंगच्या वेळी घेतलेली दोन्ही संमतीपत्रं काढली. मीच छापून आणली होती, म्हणून प्रती होत्या. ह्यांनी न वाचता सही केली होती: चित्रण कापण्याचे, बदलण्याचे, कसेही वापरण्याचे सगळे हक्क कॉलेजला. तिथे काही करण्यासारखं नव्हतं. पेशंटचं पत्र वेगळं होतं. त्यात लिहिलं होतं की पेशंट आपली संमती कधीही, कारण न देता, मागे घेऊ शकतो.

शेजाऱ्यांनी चष्मा लावून ते वाक्य दोनदा वाचलं. "कधीही," ते म्हणाले. "कारण न देता. पण मी कारण देणार."

बुधवारी आम्ही दोघं त्या रंगीत खुर्च्यांत बसलो. ते कोट आणि टाय घालून आले होते आणि जिना चढल्यामुळे पहिली दोन मिनिटं बोलू शकत नव्हते. प्रमुख बाईला त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलेलं पत्र दिलं. ते मिनिट आणि डॉक्टरांचा आवाज परत येणार नसेल तर माझी छाती परत द्या, असा मजकूर.

तिने ते वाचलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "तुमचा हक्क आहे. पण मग मला सगळाच व्हिडिओ काढावा लागेल. जुनाही आणि नवाही. कुठेच राहणार नाही." हे ती शेजाऱ्यांना सांगत होती, पण बघत माझ्याकडे होती.

शेजाऱ्यांनीही माझ्याकडे पाहिलं. "तू सांग," ते म्हणाले. "माणूस तुझा होता."

ह्यांचे चालते हात फक्त त्या चौदा मिनिटांत उरले होते. टेप घरी कपाटात होती, पण कपाटातली टेप म्हणजे आपल्यापुरती. वॉर्डात कुठेतरी एखादी नर्स चहा पिताना ह्यांच्याकडून शिकते आहे, ह्या कल्पनेवर मी पाच महिने सकाळी उठत होते. ते सगळं मी आपल्या हाताने पुसणार होते.

"मग सगळंच काढा," मी म्हटलं. ह्या वेळी आवाज बारीक निघाला नाही. "त्यांच्या हातांनी चुकीचं शिकवण्यापेक्षा नको. आणि दुसरा व्हिडिओ माझ्याकडे मागू नका. मी दोन वर्षं शोधलाय. नाहीये. शर्टावरून स्टेथोस्कोप लावणारा एक आहे, तो हवा तर देते."

शेजारी हसले आणि त्या हसण्याचा खोकला झाला. चांगला लांबलचक खोकला. ती बाई पाण्याचा ग्लास घेऊन त्यांच्यापाशी उभी राहिली आणि त्यांची छाती कशी आत ओढली जातेय ते बघत राहिली. व्हिडिओत तिने ती शंभरदा पाहिली असेल, पण तिथे पियानो होता.

"ते कुठली भाषा बोलतायत त्या भागात?" तिने शेवटी मला विचारलं.

"मराठी. श्वास मोजतायत. अस्पष्ट काही नाही. ते मी खोटं लिहिलं होतं."

"का?"

"लाज वाटली म्हणून."

तिने पत्र घडी करून परत दिलं. आधीचा व्हिडिओ ती पुन्हा लावेल म्हणाली, संपूर्ण. पण प्रत्येक शब्दाची सबटायटल्स हवीत, त्या मिनिटाचीही, आणि मोजणी कुठल्या भाषेत आहे तेही. माफी मागितली नाही. मलाही नको होती. माझा राग गेलेला नव्हता. आवाज बदलताना कोणालाच काही खटकलं नाही, ह्याचा राग आजही आहे, आणि तो जावा असं मला वाटत नाही.

गुरुवारी सकाळी हेडफोन लावून बसले. त्या सॉफ्टवेअरला देवनागरी येत नव्हती, अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटायचे. मग रोमन लिपीत टाइप करायला घेतलं. आधी इंग्रजीत एक ओळ: डॉक्टर मराठीत श्वास मोजत आहेत. मग प्रत्येक आकडा त्याच्या त्याच्या सेकंदावर. एक. शेजाऱ्यांची छाती वर. दोन. तीन. घाईने करता येईना. एकेका आकड्यासाठी थांबवायचं, मागे न्यायचं, पुन्हा ऐकायचं. चौदाच्या आसपास ह्यांनी मधेच स्वतः एक मोठा श्वास घेतलाय, ते ह्याआधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यासाठी सबटायटल लागत नाही. मी तिथे काही लिहिलं नाही, पण तीन वेळा ऐकलं.

शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली, "तू काहीतरी पुटपुटतेयस."

"मोजतेय," मी म्हटलं, आणि आवाज खाली न आणता पुढचा आकडा म्हटला. एकोणीस. वीस. एकवीस. बावीस.